इंद्रायणी तांदळाची सुशी होते का?

प्रश्न : कामशेतजवळ आमची थोडी भातशेती आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने गेल्या सुट्टीत घरच्या इंद्रायणी तांदळाची सुशी केली. आम्हाला आवडली. पण तिच्या आत्याचं म्हणणं असं, की सुशीला जपानी तांदूळच लागतो. इंद्रायणीची होते ती गिचगोळा भाताची वळकटी. खरं काय? आणि आपला इंद्रायणी हा जपानी तांदळाच्या नात्यातला आहे का?
— एक वाचक भगिनी, ता. मावळ

उत्तर : ताई, मुलीने केली ती सुशीच. सुशी म्हणजे कच्चा मासा ही समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे, पण जपानमध्ये सुशी ठरते ती भातावरून. गरम भातात तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ कालवायचं. त्या आंबटगोड भाताचा पुढे कोणताही प्रकार करा, तो सुशीच. मग सोबत मासा असो, काकडी असो, नाहीतर तळलेल्या तोफूची पिशवी. काकडी घालून गुंडाळली की कप्पामाकी, तोफूच्या पिशवीत भात भरला की इनारीझुशी. शिकोकू बेटावर कोची नावाचा प्रांत आहे. तिथल्या डोंगरगावांत बांबूचे कोंब, अळंबी आणि आपल्या सुरणाच्या कुळातल्या एका कंदाची वडी घेऊन सुशी करतात, आणि भाताला आंबटपणा देतात तो युझू नावाच्या लिंबाच्या रसाने. पावसाळ्यात बांबूचे कोंब खाणाऱ्या मावळातल्या घरांना ही सुशी परकी वाटू नये.

सुशीची सुरुवात मुळात मासा टिकवण्यासाठी झाली. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवायचा, भात आंबायचा, त्या आंबटपणाने मासा टिकायचा. भात फक्त टिकवण्यापुरता, खायचा मासा. बिवा सरोवराच्या काठी फुनाझुशी नावाने हा प्रकार अजून होतो. पुढे आंबायला वेळ कोण देणार म्हणून भातातच व्हिनेगर घालू लागले. बोटांनी दाबलेल्या भातावर माशाची चकती ठेवलेली, आज जगभर दिसते ती सुशी एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रूढ झाली. तिच्याशी हानाया योहेई या विक्रेत्याचं नाव जोडलं जातं. शहरातल्या घाईच्या माणसांचं उभ्या उभ्या खायचं खाणं होतं ते.

आता आत्याबाईंचा आक्षेप. त्यात तथ्य आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तांदळातल्या पिठूळ भागात दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर शीत शितापासून सुटं राहतं. कमी असेल तर भात चिकटतो. जपानी लोक रोज खातात त्या तांदळात अमायलोज साधारण १५ ते २० टक्के असतं. ज्याची मोची कुटतात त्या तांदळात ते जवळजवळ नसतंच, म्हणून त्याचा रबरासारखा ताणणारा गोळा होतो. बासमती आणि कोलम दुसऱ्या टोकाला. इंद्रायणी रोजचा जपानी तांदूळ आणि बासमती-कोलम यांच्या मध्ये बसतो, पण शिजल्यावर वागतो तो जपानी तांदळाकडे झुकून. शितं एकमेकांना धरतात, तरी प्रत्येक शीत वेगळं दिसतं. सुशीला नेमकं हेच हवं असतं. पुण्यामुंबईत घरी सुशी करणारे कितीतरी लोक म्हणूनच इंद्रायणी घेतात.

नात्याचं विचाराल तर मात्र नातं नाही. कोशिहिकारी हा जपानचा सर्वांत लाडका तांदूळ १९५६ साली फुकुई प्रांतात तयार झाला. तो जापोनिका गटातला, म्हणजे आखूड, गोलसर दाण्याचा. इंद्रायणीचं घराणं अगदी वेगळं, आणि त्याचं जन्मस्थान तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने, म्हणजे महात्मा फुले कृषी विद्यापीठाने, १९८७ साली हा वाण दिला. त्याची एक बाजू आंबेमोहोर १५७, दुसरी आयआर-८. आंबेमोहोराला वास अप्रतिम, पण त्याचं रोप उंच वाढतं. दाणा भरत आला की पावसावाऱ्यात लोळतं आणि उतारा कमी पडतो. आयआर-८ हा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली काढलेला बुटका, ताठ, भरघोस वाण. खायला मात्र बेचव म्हणून लोकांनी नाकं मुरडलेला. एकाचा वास आणि मऊपणा, दुसऱ्याचा ताठ कणा, असं जमून आलं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत मावळाने महाराष्ट्राला दिलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि तिच्यामागे राबलेल्या संशोधकांची आठवण आपण फार कमी ठेवतो.

वासाची गोष्ट मात्र सुशीच्या बाबतीत लक्षात घ्यायला हवी. आंबेमोहोर, बासमती, इंद्रायणी यांच्या सुगंधामागे प्रामुख्याने एकच रसायन आहे, २-ॲसिटाइल-१-पायरोलिन. नेहमीच्या जपानी तांदळाला असा दरवळ नसतो. तिथले आचारी भाताची चव सौम्य ठेवतात, म्हणजे वर ठेवलेल्या माशाची नाजूक चव पुढे येते. इंद्रायणीच्या सुशीत आधी मावळ लागतो, मग बाकीचं. काकडी, गाजर, भाजलेलं वांगं, अंड्याची पोळी यांच्याबरोबर हे फार छान जमतं. नाजूक माशाबरोबर तितकं नाही. आणखी एक फरक : जपानी तांदूळ गार झाल्यावरही मऊ राहतो, इंद्रायणी तितका राहत नाही. फ्रीजमध्ये ठेवला तर कडकच पडतो. म्हणून केलेली सुशी त्याच दिवशी, शक्यतो दोनचार तासांत संपवावी. आणि एक सांगणं कळकळीचं : इंद्रायणी किंवा पवना नदीतला मासा ताजा म्हणून कच्चा घालायचा विचार कुणी करू नये. गोड्या पाण्यातल्या माशात परजीवी असतात. जपानी लोकही नदीतला मासा सहसा असा कच्चा खात नाहीत.

आत्याबाईंच्या वाक्यातला ‘गिचगोळा’ हा शब्द मला जास्त सलतो. आपल्याकडे भाताची परीक्षा मोकळेपणावर होते. लग्नाच्या पंगतीत शीत न्‌ शीत सुटं पाहिजे. पाहुण्यांना बासमती, घरच्यांना इंद्रायणी, अशी वाटणी मावळातल्याही कित्येक घरांत मी पाहिली आहे. घरचा भात चिकट म्हणून यजमानीण ओशाळते. जपानमध्ये मात्र चिकट, चकचकीत, चावताना किंचित गोडसर लागणारा भात हीच यजमानाची शान. म्हणून तिथे नव्या तांदळाचं कोण कौतुक! शरद ऋतूत पीक निघालं की पोत्यांवर ‘शिनमाई’, म्हणजे नवा तांदूळ, अशी चिठ्ठी लागते, आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सडून पिशवीत भरलेल्या तांदळालाच ती लावता येते. आपण उलट जुना तांदूळ शोधतो, कारण नव्यात ओल असते आणि त्याचा भात गच्च होतो. दोघांची पारख आपापल्या जेवणाला धरूनच आहे. आमटी, वरण, रस्सा ज्यात कालवायचा त्या भाताने तो रस शोषायला हवा, म्हणून तो मोकळा बरा. काड्यांनी उचलायचा भात चिकटच हवा. पण मेतकूट-भात, दहीभात, गुरगुट्या भात आपणही खातोच, आणि तिथे बासमती पार उघडा पडतो. नव्या पिकाला आपणही हात जोडतो : आश्विनातल्या नवान्न पौर्णिमेला आपल्याकडे, आणि २३ नोव्हेंबरला नीनामेसाईच्या विधीत जपानच्या सम्राटाकडून.

तुमच्या घरचा तांदूळ दिवाळीनंतरचा ताजा असेल तर तो कुकरमध्ये घालू नका. शिट्टीच्या दाबाखाली इंद्रायणीची शितं फुटतात, आणि गिचगोळा होतो तो त्यामुळे. तांदळाचा त्यात काही दोष नाही. मी जपानी रीतीने शिजवते. तांदूळ तीनचार पाण्यांनी हलक्या हाताने धुवायचा, पाणी बऱ्यापैकी नितळ दिसेपर्यंत. मग अर्धा तास भिजत ठेवायचा, थंडीत तासभर. एक वाटी तांदळाला दीड वाटीच्या आत पाणी, नवा असेल तर सव्वा वाटीसुद्धा पुरतं. जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण. उकळी आली की आच अगदी मंद करून दहाबारा मिनिटं. मग गॅस बंद, आणि झाकण न उघडता आणखी दहा मिनिटं वाफ जिरू द्यायची. हा शेवटचा टप्पा घाईत गाळला जातो, आणि सगळी गंमत त्यातच आहे. नंतर लाकडी उलथन्याने भात खालून वर हलकेच उलटायचा. आपल्या जुन्या पद्धतीत भात वेळतात, म्हणजे जास्तीच्या पाण्यात शिजवून पेज काढून घेतात. इथे काहीच काढायचं नाही, सगळं पाणी भातातच जिरतं.

हे अचूक साधणं जपानी गृहिणींनाही सोपं नव्हतं. पहाटे उठून चुलीपाशी बसावं लागे. तोशिबा कंपनीने डिसेंबर १९५५ मध्ये आपोआप बंद होणारा विजेचा भात-कुकर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या चाचण्यांचं मोठं काम योशितादा मिनामी या उद्योजकाच्या पत्नी फुमिको यांनी घरी बसून केलं होतं. वेगवेगळ्या हवामानात, वेगवेगळ्या मापांनी त्या भात शिजवत आणि नोंदी ठेवत. आज जगातल्या लाखो स्वयंपाकघरांत असलेलं ते यंत्र एका बाईच्या चिकाटीवर उभं आहे.

सुशीसाठी एक वाटी तांदळाच्या गरम भाताला दोन मोठे चमचे तांदळाचं व्हिनेगर, एक मोठा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. तिन्ही आधी विरघळवून घ्यावं आणि पसरट परातीत भातावर शिंपडत, वारा घालत कालवावं. आपलं नेहमीचं पांढरं व्हिनेगर फार झोंबतं. ते वापरण्यापेक्षा लिंबाचा रस बरा. कोचीवाले तेच करतात.

पण ताई, मनापासून सांगू? इंद्रायणीचा खरा जपानी अवतार सुशी नव्हे, ओनिगिरी आहे. व्हिनेगर नाही, साखर नाही. ओल्या हाताला मीठ चोळायचं, ऊन भाताची मूठ घ्यायची, मध्ये काहीतरी खारट-आंबट ठेवायचं आणि तिकोनी दाबायचं. जपानी घरात आत उमेबोशी असतं, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. आपण लिंबाचं मुरलेलं लोणचं, सुक्या जवळ्याची चटणी, शेंगदाण्याचा ठेचा ठेवावा. बाहेरून नोरी नावाचं समुद्री शेवाळाचं पान नसेल तर भाजलेले तीळ लावावेत. शेतावर, शाळेच्या डब्यात, गडावर जाताना सोबत न्यायला याहून चांगलं काही मला माहीत नाही. फक्त आपल्या उन्हाळ्यात ओनिगिरी सकाळी केली तर दुपारपर्यंत संपवा. शिजलेला भात उबेत फार काळ ठेवणं पोटाला धोक्याचं.

हे खाणं किती जुनं? इशिकावा प्रांतात चानोबाताके इथल्या उत्खननात भाताचा एक करपलेला, कोळसा झालेला तिकोनी गोळा सापडला. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ठरला. तुमच्याकडची भाजे-कार्ल्याची लेणी खोदली जात होती, साधारण त्याच काळातला. आणि सापडला तो १९८७ साली, ज्या वर्षी वडगावहून इंद्रायणी शेतकऱ्यांच्या हाती गेला. योगायोगच, पण मला तो फार आवडतो.

तुम्ही शेती करता म्हणून आणखी थोडं. सुशी मावळात आत्ता आली. जपानचा भात मावळाच्या खाचरांत त्याच्या कितीतरी आधी पोचला होता, बियाण्याच्या रूपात नव्हे तर पद्धतीच्या. घरात कुणी ऐंशी-पंच्याऐंशीचं असेल तर ‘जपानी भातशेती’ आठवते का ते विचारून पाहा. स्वातंत्र्यानंतर देशात धान्याचा तुटवडा होता. मुंबईत बोरिवलीच्या कोरा केंद्रात जपानी पद्धतीने भात लावायचे प्रयोग झाले, आणि १९५३ साली केंद्र सरकारने देशभर मोहीम काढली. त्या वेळी कृषिमंत्री होते आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख.

तोवर आपल्याकडे राब भाजून त्यावर दाट बी फेकायचं, मग रोपांची जाडजूड चूड घेऊन चिखलात हाताला येईल तशी खोचायची, अशी रीत. जपानी पद्धतीत गादीवाफे करून बी विरळ टाकतात, त्यामुळे बियाणं कमी लागतं आणि रोप दणकट होतं. आवणी दोरी धरून ओळीत, एका ठिकाणी दोनतीनच रोपं. ओळींमधून हाताने ढकलायचं फिरतं कोळपं. शेणखताबरोबर वरखत. बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारे पोकळ दाणे काढून टाकायचे. ही युक्ती योकोई तोकियोशी या कृषितज्ज्ञाने १८८२ साली जपानात रूढ केली. आपला कृषी विभाग आजही दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून हेच करायला सांगतो.

पद्धत जशीच्या तशी टिकली नाही. धो धो पावसात, मजूर मिळत नसताना, दोरी धरून एकेक ओळ लावणं कुणाला परवडणार? पण तिचे तुकडे टिकले. गादीवाफा टिकला, कमी रोपं लावणं टिकलं. पुढे डॉ. नारायण सावंत यांनी कोकण-मावळाच्या शेतकऱ्याला झेपेल अशी चारसूत्री पद्धत बसवली. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, खाचरात गिरिपुष्पाचा पाला, पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर आलटूनपालटून अंतर, आणि चार चुडांच्या मध्ये हाताने खोचलेली युरिया-डीएपीची ब्रिकेट. तिच्यात ओळीचा आणि मोजक्या रोपांचा तोच विचार स्वतःच्या मातीत रुजलेला दिसतो.

एक गोष्ट मात्र जपानकडून घ्यावीच लागली नाही, कारण ती दोघांकडे आधीपासून होती. आवणीच्या घाईत मावळात इर्जिक घालतात : आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या, मजुरी नाही, पोटभर जेवण. जपानी खेड्यांत याला युई म्हणतात. भातलावणी तशी होई, आणि शिराकावा-गो या गावात गवती छपरं शाकारायला अजूनही अख्खं गाव तसंच जमतं. ज्या पिकाला ठरावीक चार दिवसांत शंभर हात लागतात, ते पीक माणसांना एकत्र आणतंच.

मुलीला पुण्यात वेळ मिळाला तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन जा. २००६ साली खुली झालेली ही बाग जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आहे. मूळ कोराकुएन १७०० साली तिथल्या सरदाराने पुरी केली. तळी, टेकाडं, चहाची घरं यांच्यामध्ये त्याने भाताची खाचरंही ठेवली, आणि अजून दर जूनमध्ये तिथे आवणीचा सोहळा होतो. ज्याच्या बागेत शोभेची जागा भाताला मिळते, त्या देशाला इंद्रायणीचं मोल वेगळं समजवावं लागणार नाही.

प्रश्न : लोणावळ्यात आमचं चिक्कीचं छोटं दुकान आहे. जपानी पर्यटक आले की चिक्की पाहून ओळखीचं हसतात. त्यांच्याकडे असा प्रकार आहे का?
— एक वाचक, लोणावळा

उत्तर : आहे, आणि एकाहून जास्त. तोक्योच्या आसाकुसा भागातल्या मोठ्या बौद्ध मंदिराबाहेर कामिनारी-ओकोशी विकतात : फुलवलेला तांदूळ पाकात बांधून पाडलेल्या वड्या, त्यात बहुधा शेंगदाणेही. देवदर्शनाहून परतताना घरच्यांसाठी हा पुडा घ्यायचाच. ओसाकाची ओकोशी दाताला चांगलीच कडक. फरक पाकाचा आहे. आपण गूळ घेतो. ते पूर्वापार मिझुआमे घेतात, म्हणजे तांदळाच्या किंवा इतर स्टार्चपासून मोड आलेल्या धान्याच्या साहाय्याने केलेला पारदर्शक, कमी गोड पाक. उसाची साखर जपानात दीर्घकाळ महाग होती, त्यामुळे हा उपाय.

तुमच्या चिक्कीचा सख्खा भाऊ पाहायचा असेल तर मात्र दक्षिणेला ओकिनावाला जावं लागेल. तिथे ऊस पिकतो आणि कोकुतो नावाचा काळपट गूळ होतो. त्यात घोळवलेले शेंगदाणे घरोघरी चहाबरोबर खातात. तुमच्या दुकानातल्या पाट्यांवर एक ओळ जपानीत लिहून गुळाचं नाव सांगितलंत तर ओकिनावाचा माणूस थांबून खरेदी करेल, अशी माझी खात्री आहे. पूर्वी जिला लोक गुडदाणी म्हणत, त्या चिक्कीची गूळ हीच खरी ओळखही आहे.

प्रश्न : तळेगाव एमआयडीसीत डिप्लोमानंतर नोकरीला लागलो आहे. इथे आणि चाकणला जपानी कंपन्या आहेत म्हणून जपानी शिकावं म्हणतो. मित्र म्हणतात, फार अवघड भाषा. मराठी माणसाला खरंच जमते का?
— एक तरुण वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : जमते, आणि इंग्रजी माध्यमातल्या कित्येकांपेक्षा तुम्हाला लवकर जमेल. वाक्याचा सांगाडा आपलाच आहे. कर्ता आधी, कर्म मग, क्रियापद शेवटी. शब्दाच्या मागून लागणारे प्रत्यय. ‘तानाका-सान वा पूने नि सुन्दे इमासु’ : तानाका साहेब पुण्यात राहतात. ‘पूने नि’ जिथे आहे तिथेच आपलं ‘पुण्यात’ बसतं. कर्ता गाळला तरी चालतं, ‘जेवलात?’ एवढ्यावर आपलं भागतं तसंच त्यांचंही. उच्चारही सोपे, देवनागरीत जवळजवळ नीट लिहिता येतात.

अवघड आहे ती लिपी. दोन अक्षरमाला एका महिन्यात येतात, पण रोजच्या व्यवहारासाठी ठरवलेली चित्राक्षरं, म्हणजे कांजी, २१३६ आहेत. त्यांना रोज थोडा वेळ देण्यावाचून इलाज नाही. जेएलपीटी परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत, एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत कठीण. जुलै आणि डिसेंबरमध्ये पुण्यातच केंद्र असतं. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ही भाषा वर्षानुवर्षं शिकवली जाते आहे, त्यामुळे चांगले मराठी शिक्षक पुण्यात भरपूर आहेत. तळेगावात मित्सुबिशी इलेक्ट्रिकसारखी कंपनी असताना एन-३पर्यंत पोचलेल्या डिप्लोमाधारकाला दार नक्की उघडेल.

कारखान्यात खरी कसोटी मात्र कांजीपेक्षा आदराची लागते. मराठीत आपण साहेबांबद्दल सगळ्यांशी आदरानेच बोलतो. बाहेरच्या माणसाचा फोन आला तरी ‘साहेब मीटिंगला गेलेत’. जपानीत उलट. तानाका तुमचे साहेब असले तरी बाहेरच्या कंपनीशी बोलताना त्यांच्या नावापुढचं ‘सान’ काढायचं आणि त्यांच्या क्रियापदालाही नम्र रूप द्यायचं, कारण त्या क्षणी तुम्ही आणि साहेब एका घरातले, समोरचा पाहुणा. आईवडिलांचंही तसंच. घरात हाक मारताना आदराचे शब्द, परक्याशी बोलताना साधे, ‘हाहा’ आणि ‘चिची’. हे व्याकरणाच्या पुस्तकात शेवटी येतं. तुम्ही मात्र पहिल्या महिन्यापासून शिक्षकांना याबद्दल विचारत राहा. आणि साहेबांना भेटायला आलेल्या पाहुण्यांना सांगायचं ‘तानाका वा तादाइमा माइरिमासु’, म्हणजे ‘तानाका आत्ता येतीलच’, हे वाक्य मोठ्याने म्हणून म्हणून जिभेवर बसवा. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडेल, ‘सान’ आपोआप येईल. ते वगळायची सवय वर्गातच लागली तर कारखान्यात पहिल्याच दिवशी साहेबांच्या लक्षात येईल.